पावसाळी चहाच्या हिरव्या पाल्याची यंत्राने प्रतवारी : आसाम व डुआर्समधील लहान उत्पादकांसाठी सल्ला

जुलै ते सप्टेंबर या काळात ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात आणि उत्तर बंगालच्या डुआर्स पट्ट्यात चहाच्या झुडपांना इतकी फूट येते की हाताने खुडणी करून सात दिवसांची फेरी पाळणे बहुतेक लहान उत्पादकांना जमत नाही. मजूर कमी पडले की कात्री किंवा कापणी यंत्र बागेत येते, फेरी लांबते आणि कोवळ्या कोंबांबरोबर जून पाने, काड्या व तुटके तुकडेही पिशवीत पडतात. असा मिश्र पाला कारखान्याच्या दारात कमी भावाने जातो किंवा परत येतो. त्यामुळे पाला संकलन केंद्रावरच यंत्राने वेगळा करण्याकडे उत्पादकांचा ओढा वाढतो आहे. तो योग्य आहे, मात्र यंत्र घेण्यापूर्वी आणि चालवताना पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

महाराष्ट्रातील वाचकाला चहाची प्रतवारी म्हटले की दाणेदार पूड आणि बारीक डस्ट आठवते. ती प्रतवारी चहा वाळल्यानंतर चाळण्यांवर होते. येथे विषय आहे तो नुकत्याच खुडलेल्या, सुमारे 75 ते 80 टक्के पाणी असलेल्या जिवंत पाल्याचा. कांदा किंवा डाळिंब प्रतवारी यंत्रावर सोडले की फळ आपल्या व्यासाप्रमाणे ठरलेल्या छिद्रातून खाली पडते. चहाच्या कोंबाला असा व्यास नसतो. तो वाकतो, घडी पडतो, दुसऱ्या कोंबात अडकतो, आणि उभा पडला तर लांब कोंबही लहान छिद्रातून निसटतो. म्हणूनच या यंत्राकडून काटेकोर निवडीची अपेक्षा ठेवू नये. त्याच्याकडून ढोबळ विभागणीच मिळते.

सर्वांत आधी आपला पाला कसा आहे हे मोजावे. ढिगाच्या वरून, मधून आणि तळातून मूठमूठ पाला घेऊन तो नीट मिसळावा, त्यातील 100 ग्रॅम वजन करून घ्यावे आणि पृष्ठभागावरचे पाणी सुती कापडाने टिपून हाताने दोन भाग करावेत. कळीसह एक पान, कळीसह दोन पाने, कळीसह तीन कोवळी पाने आणि कोवळी बांझी हे सर्व चांगल्या भागात धरावे. बांझी म्हणजे वाढ थांबून कळी निद्रिस्त झालेला कोंब. आपल्या ‘वांझ’ या शब्दाचाच तो भाऊबंद आहे. देठ मोडून पाहिला असता कट्कन तुटला तर कोंब कोवळा समजावा, धागे लोंबले तर जून समजावा. पाणी टिपल्यानंतरच्या एकूण वजनात चांगल्या भागाचे शेकडा प्रमाण किती, हा आपल्या पाल्याचा आकडा. ही मोजणी दररोज, प्रत्येक तुकडीसाठी आणि यंत्र सुरू करण्यापूर्वी करावी.

हाताने नीट खुडलेला पाला शक्यतो यंत्रावर घालूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रत्येक पट्टा, प्रत्येक चाळणी पानाला थोडी तरी इजा करते; चुरगळलेल्या जागी पानातील रस हवेशी मिळतो आणि कारखान्यात व्हायची ऑक्सिडीकरणाची क्रिया संकलन केंद्रावरच सुरू होऊन पान लाल पडते. यंत्र हे कात्रीच्या पाल्यासाठी आहे.

लहान उत्पादक गटाला परवडणारे यंत्र म्हणजे किंचित कलते ठेवलेले, जाळीचे फिरते पिंप. पहिल्या बारीक जाळीतून माती, वाळू व तुकडे गळतात, पुढील मोठ्या जाळीतून सुटी पाने व लहान कोंब पडतात आणि लांब काड्या व जून पाला टोकाशी बाहेर येतो. पिंप फार वेगाने फिरले तर पाला भिंतीला चिकटून तसाच फिरत राहतो, फार सावकाश फिरले तर तळाशी गठ्ठा होऊन घसरतो; पाला थोडा वर उचलला जाऊन सुटा खाली पडावा, इतकाच वेग हवा. म्हणून वेग बदलता येणारी मोटरच घ्यावी. काही यंत्रांत पुढे पंख्याचा झोत असतो. त्यात हलके सुटे पान दूर उडते आणि देठासह असलेला जड कोंब जवळ पडतो. मात्र ओल्या पाल्यात पाण्याचे वजन हा हिशेब बिघडवते. कॅमेऱ्याने रंग व आकार ओळखून हवेच्या फुंकरीने पान बाजूला करणारी यंत्रेही आहेत, परंतु ती मोठ्या कारखान्यांना शोभतात. दोन-चार एकरांच्या उत्पादकांनी कर्ज काढून त्यांच्या मागे लागू नये.

पावसात भिजलेला पाला थेट यंत्रात टाकणे ही या हंगामातील सर्वांत मोठी चूक ठरते, कारण ओली पाने एकमेकांना चिकटून जाळी बुजवतात. तो जाळीच्या फळीवर पातळ पसरून साध्या हवेचा पंखा लावावा आणि वरचे पाणी उडाल्यावरच प्रतवारीस घ्यावा. गरम हवा वापरू नये. पाला प्लास्टिकच्या गोणीत दाबून भरू नये, जाळीदार पिशवीत सैल भरावा. खुडल्यानंतरही पान श्वसन करते, ढिगात उष्णता साठते आणि 35 अंश सेल्सियसच्या वर गेलेला पाला बिघडू लागतो. पिशवीत कोपरापर्यंत हात घालून ऊब जाणवली तर प्रतवारीचा आग्रह सोडून तो पाला आधी पसरावा.

यंत्राचे मोजमाप फक्त चांगल्या तोंडाशी, म्हणजे जिथून चांगला पाला बाहेर पडतो तिथे, करणे फसवे असते. समजा 10 किलो पाल्यात निम्मा, म्हणजे 5 किलो चांगला आहे. चांगल्या तोंडातून 5 किलो पाला 70 टक्के प्रतीचा निघाला तर त्यात साडेतीन किलोच चांगला माल आला. उरलेला दीड किलो जून पाल्याबरोबर गेला. जून पाल्याला मिळणारा भाव पाहूनच हा तोटा परवडतो का, ते ठरवावे. परवडत नसेल तर वेग, कल किंवा पाला सोडण्याचे प्रमाण बदलून पुन्हा 10 किलोची चाचणी घ्यावी आणि दोन्ही तोंडांचा पाला तासाभराने पाहून लाल पाने किती झाली तेही नोंदवावे.

वेगळे केलेले दोन भाग पुढे पुन्हा एकत्र होणार असतील तर सगळी मेहनत वाया जाते. जाड देठाचा पाला आणि कोवळा कोंब एकाच वेळात सारखे कोमेजत नाहीत. सीटीसी चहासाठी, म्हणजे दातेरी रोलरांत पाला चिरडून, फाडून व वळवून केलेल्या दाणेदार चहासाठी, कोमेजवताना पाल्यातील ओलावा साधारण 68 ते 72 टक्क्यांपर्यंत उतरवावा लागतो. म्हणून दोन्ही भाग वेगवेगळ्या कोमेजण हौदांत घेतले जातील का, हे कारखान्याशी आधीच बोलून घ्यावे.

पाला सोडण्याच्या पट्ट्यावर लोहचुंबक अवश्य बसवावे, कारण कात्रीच्या पात्याचा तुकडा सीटीसी रोलरचे दात मोडतो. जाळी अडकली की वीज बंद केल्याशिवाय हात घालू नये. साडीचा पदर, ओढणी व मोकळे केस फिरत्या भागाजवळ येणार नाहीत असे आवरण असावे आणि ओल्या जमिनीवर मोटरला अर्थिंग नक्की तपासावे. रोज काम संपल्यावर जाळीतला रस व पानांचा चोथा धुऊन काढावा, नाहीतर तो रात्रीत आंबून दुसऱ्या दिवशीच्या पाल्याला वास लागतो. बेअरिंग बदलणे आणि जाळीला ठिगळ लावणे ही कामे डिसेंबरात खुडणी थांबल्यावर करावीत.