मांजर घरी, आपण बेटावर: या चुका टाळा (मी सगळ्या करून बसलेय)

मला दोनच नाद आहेत, मांजर आणि बेटं, आणि दोन्ही एकमेकांच्या मुळावर उठलेले. घरात गोट्या आहे, भगवा बोका, सहा वर्षांचा, पोट चांगलंच सुटलेलं, आणि मला वर्षातून एकदा तरी बोटीत बसून चारी बाजूंनी पाणी असलेल्या कुठल्यातरी ठिकाणी जाऊन पडायचं असतं. जिथे जाते तिथेही मांजरंच बघते, हे वेगळं सांगायला नको. तर या दोन्हीच्या मधल्या ज्या भानगडी झाल्या त्या लिहितेय, क्रम वगैरे काही नाही, आठवेल तसं.

पहिली भानगड बॅगेची. निघायच्या आदल्या रात्री मी कपाटावरून बॅग काढायचे, धूळ झटकायचे, उघडी ठेवून कपडे भरायचे आणि गोट्या पलंगाखाली गायब. त्याला पक्कं माहीत झालेलं की ही वस्तू आली की ही बाई जाते. जपानला गेले त्या वर्षी त्याने त्यावर उपाय काढला, माझ्या घडी घातलेल्या जॅकेटवर मुतून ठेवलं, आणि मला घाईत कळलंच नाही, वास आला तो थेट तिकडच्या खोलीत बॅग उघडल्यावर. सगळे म्हणाले सूड घेतला बघ. सूडबीड काही नसतो हो. मांजर घाबरलं, अस्वस्थ झालं की माणसाचा वास आणि स्वतःचा वास एकत्र करून ठेवतं, त्याला त्यात धीर वाटतो. ओरडलात तर अजून घाबरतं आणि पुढच्या वेळी अजून जास्त.

उपाय अगदी साधा आहे. आता माझी बॅग वर्षभर खाली उघडीच असते, आत जुनी चादर, गोट्या दुपारचा तिथेच लोळतो, त्यामुळे बॅग म्हणजे प्रवास हे समीकरणच मोडलं. कॅरिअरचंही, म्हणजे मांजर न्यायच्या पेटीचंही, तसंच करा, फक्त व्हेटकडे जाताना माळ्यावरून काढलेला कॅरिअर बघून कुठलंही मांजर हात ओचकारणारच. आणि कुठे मुतलंच असेल तर तिथे फिनाईल ओतू नका, त्यातलं फिनॉल मांजरांना विषारी असतं, त्यांचं लिव्हर ते पचवू शकत नाही. एन्झाइमवालं क्लीनर मिळतं ते वापरा, नाहीतर आपल्याला वास गेल्यासारखा वाटतो, त्याला येतच असतो आणि तो परत तिथेच जातो.

आता सगळ्यात मोठी चूक, यावर जरा थांबते. "मांजरं काय, राहतात एकटी" असं म्हणून लोक तीन दिवसांचं खाणं एका बाऊलमध्ये ओतून जातात. मीही एकदा गेलेय, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या वर्षी शहाणपण सुचलं म्हणून त्याला प्राण्यांच्या एका बोर्डिंगमध्ये ठेवलं, जागा चांगली होती, स्वच्छ होती, पण शेजारच्या पिंजऱ्यात दुसरी मांजरं, रात्रभर कुत्र्यांचा आवाज. गोट्या लिटर बॉक्सच्या, म्हणजे शी-सू च्या मातीच्या डब्याच्या, मागे अंग चोरून बसला आणि दोन दिवस तोंडात घास घेतला नाही. मला फोनवर सांगितलं "थोडा रुसलाय, खाईल". मी पण म्हटलं खाईल.

मांजराच्या बाबतीत "खाईल" म्हणून थांबायचं नसतं, हे मला तेव्हा कळलं. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही की शरीर साठलेली चरबी वापरायला काढतं, ती सगळी लिव्हरकडे धावते आणि लिव्हरला ती झेपत नाही, त्यातच तुंबून बसतं. जाड मांजराला हा धोका जास्त, म्हणजे आपल्याला वाटतं पोट सुटलंय, चार दिवस उपाशी राहिलं तर काय बिघडतं, तर नेमकं त्याचंच बिघडतं. हिरड्या किंवा कानाची आतली बाजू पिवळसर दिसायला लागली तर उशीर झालेला असतो. आमचं वेळेवर निभावलं, व्हेटने सलाईन लावलं, दोन दिवस सिरिंजने भरवलं, पण तेव्हापासून नियम एकच, चोवीस तास काही खाल्लं नाही की डॉक्टरांना फोन.

आता मामेबहीण येते रोज दोनदा, घर तेच, वास तेच, फक्त माणूस बदलतो. मांजराला जागा माणसापेक्षा जास्त लागते, मान्य करायला जड जातं पण आहे तसं. यातही मी एक चूक केलीच. पहिल्या दिवशी फोन केला तर ताई म्हणते, "अगं खातोय गं तो." मी म्हटलं खातोय म्हणजे किती, तर म्हणे "आता ते काय मोजू का मी". हो, मोजायचं! सकाळी किती ठेवलं, संध्याकाळी किती उरलं, पाणी किती कमी झालं, आणि लिटरमध्ये सू चे गोळे किती आणि केवढे. फ्रीजवर कागद चिकटवलाय तसा, ताई हसते पण लिहिते.

गोळ्यांचं एवढं का, तर बोक्यांची मूत्रनळी अरुंद असते, खडे किंवा घट्ट चिकट साका अडकला की सू पूर्ण बंद होते. बोका सारखा बॉक्समध्ये जातो, कुंथतो, ओरडतो, खालचं चाटत बसतो, आणि लोकांना वाटतं बद्धकोष्ठता झाली. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो यात, उद्या सकाळी बघू असं म्हणायचंच नाही, रात्री दोन वाजता असेल तर रात्री दोनला न्यायचं.

तर ताई मला रोज लिटर बॉक्सचा फोटो पाठवते. जपानमधल्या इशिनोमाकीहून निघालेल्या बोटीत मी खिडकीशी बसले होते, बाहेर समुद्र एकदम चकाकत होता, आणि मी फोनवर झूम करून राखाडी मातीतले गोळे मोजत होते, एक, दोन, हा तिसरा की दुसऱ्याचाच तुकडा. शेजारच्या जपानी आजी बराच वेळ बघत होत्या. मग मी गोट्याचा फोटो दाखवला तर त्यांनी "नेको!" (मांजर!) म्हणून टाळी वाजवली आणि स्वतःच्या फोनमधले त्यांच्या मांजराचे चाळीसेक फोटो दाखवले. भाषेची गरजच पडली नाही.

ती बोट ताशिरोजिमाची, मियागी प्रांतातलं बेट. तिथे पूर्वी रेशमाचे किडे पाळायचे आणि उंदीर ते किडे खायचे म्हणून मांजरं ठेवली, मग मासेमारी आली आणि मांजरं मासळीच्या मागे राहिली, आज माणसांपेक्षा मांजरं जास्त. मध्यावर मांजराचं छोटं देऊळही आहे, जाळ्यासाठी दगड गोळा करताना एक दगड सुटून मांजर मेलं, त्याला तिथे पुरलं अशी गोष्ट सांगतात. मी उत्साहात पहिल्याच बंदरात उतरले, ओडोमारीला, आणि मांजरांचा मोठा जथा आहे निटोडाला, बेटाच्या दुसऱ्या टोकाला. चालत गेले, वाट छान आहे, पण परतीची बोट डोक्यात ठेवून चालावं लागतं. छोट्या बेटांना दिवसाला मोजक्याच बोटी असतात, हवा बिघडली की त्याही रद्द, म्हणून त्याच संध्याकाळचं पुढचं विमान वगैरे असले बेत करू नका.

बेटावरच्या मांजरांशी लोक काय काय करतात ते बघून मला राग येतो, थोडा स्वतःचाही, कारण सुरुवातीला मीही उचलून घ्यायचे. झोपलेल्या मांजराला फोटोसाठी उठवायचं, पिल्लांच्या मागे पळायचं, पिशवीतलं माणसाचं खाणं टाकायचं. कांदा-लसूण घातलेलं काहीही मांजराचं रक्त खराब करतं, थोडंसं असलं तरी. दूधही नको. मांजर डोळे मिटून दूध पितं हे म्हणीत ठीक आहे, खऱ्या मोठ्या मांजरांना बहुतेक वेळा ते पचत नाही, जुलाब होतात. जपानच्याच एहिमे प्रांतातल्या आओशिमा या मांजरांच्या बेटावर दुकानसुद्धा नाही, माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत, आणि खायला घालायची जागा ठरवून दिलेली आहे, ती पाळा. जवळ जायचं असेल तर खाली बसा, नजर रोखू नका, डोळे सावकाश मिटून उघडा, वाटलं तर ते येईल. नाही आलं तर नाही आलं.

"मग गोट्याला बरोबरच का नाही नेत?" हे मला दर वेळी कोणीतरी विचारतंच. मांजराला बोटीत घालून बेटावर न्यायची कल्पना नवी नाही हां, सायप्रसमध्ये सुमारे 9,500 वर्षांपूर्वीच्या थडग्यात माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलंय, आणि त्या बेटावर मूळची मांजरं नव्हतीच, म्हणजे कोणीतरी समुद्रावरून आणलेलं. पण त्या माणसाला कागदपत्रं लागली नव्हती. जपानसारख्या रेबीजमुक्त देशात न्यायचं तर मायक्रोचिप, दोनदा रेबीजची लस, मग रक्ताची अँटिबॉडी टेस्ट, आणि त्यानंतर 180 दिवसांची वाट. हे सगळं आधी केलं नसेल तर ते दिवस मांजर क्वारंटाइनमध्ये काढतं. आठ दिवसांच्या फिरण्यासाठी कोण करणार आणि कशाला. घर बदलून कायमचं जाताय तर गोष्ट वेगळी, तेव्हा सात-आठ महिने आधी तयारीला लागा. आणि प्रवासात शांत राहावं म्हणून आपल्या मनाने गोळी देऊ नका, माणसांची तर नाहीच, पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

एक छोटी पण जीवघेणी गोष्ट राहिलीच. मी परत येणार म्हणून ताईने एकदा टेबलावर फुलं ठेवली, प्रेमाने, आणि त्यात लिली. नशीब मी व्हिडिओ कॉलवर बघितलं. लिलीचं पान, पराग, अगदी फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराच्या किडन्या निकामी करतं, अंगावर पडलेला पराग चाटून साफ केला तरी पुरतं. फुलं जिन्यात गेली. मांजर असलेल्या घरात लिली आणायचीच नाही.

आता परत आल्यावरची चूक. ताशिरोजिमाहून आले, दार उघडलं, गोट्याऽऽ म्हणून हात पसरले, तर हा दोन पावलं पुढे आला, माझ्या पँटला नाक लावलं, पाठ फुगवली आणि फिस्स! मला रडूच आलं. वाटलं विसरला, रागावला. तो मला नाही, माझ्या पँटवरच्या वीस-पंचवीस मांजरांना फिस्कारत होता. आणि वासाचं सोडा, भटक्या मांजरांच्या सर्दीचे विषाणू हातांवर, कपड्यांवर येतात, मांजरांच्या पार्व्होचा, म्हणजे जीवघेण्या उलट्या-जुलाबांच्या आजाराचा, विषाणू तर घरात बुटांवरून येऊन महिनोन् महिने जिवंत राहू शकतो. म्हणजे लस झालेली असली तरी घरच्या मांजराला पोटाशी धरायच्या आधी बूट बाहेर, कपडे थेट मशीनमध्ये, अंघोळ, मग भेट. तिकडेही एका मांजराला हात लावून लगेच दुसऱ्याला लावू नये, मधे साबणाने हात धुवावेत, हे मला फार उशिरा सुचलं.

त्या दिवशी मी अंघोळ करून आले आणि गप्प जमिनीवर बसले, हाक मारली नाही. त्याने आधी बॅगेची चारही चाकं हुंगली, एकेक, मग माझा पाय हुंगला, मग गेला आणि पाठ करून बसला तासभर. पहाटे पाच वाजता अंगठ्याला चावला. बाऊल रिकामा होता.