टेपवरचा डेटा किती दिवस ठेवायचा, जेसीएलमध्ये कसं सांगायचं

मेनफ्रेमवर (मोठ्या संस्थांचा मोठा संगणक) टेपला डेटासेट, म्हणजे फाइल, लिहिताना जेसीएलच्या (मेनफ्रेमला काम सांगायची भाषा) डीडी स्टेटमेंटमध्ये, म्हणजे फाइलची माहिती देणाऱ्या ओळीत, दोनपैकी एकच द्यायचं, आरईटीपीडी नाहीतर एक्सपीडीटी, दोन्ही एकत्र चालत नाहीत. आरईटीपीडी म्हणजे आजपासून किती दिवस, ३० दिलं की सिस्टिम स्वतः तारीख काढते. रोजच्या बॅकपला मला हेच बरं वाटतं, दर वेळी जेसीएल उघडायला नको.

ठरावीक तारीखच हवी असेल तर एक्सपीडीटी. इथे वर्षाचे चारही आकडे लिहा, मग तिरकी रेघ, मग वर्षातला कितवा दिवस, म्हणजे ३१ मार्च २०२७ साठी २०२७/०९०. आळस करून २७०९० लिहिलं तर सिस्टिम १९२७ धरते आणि टेप जन्मतःच एक्स्पायर! लीप वर्षात फेब्रुवारीनंतर एक दिवस वाढतो तेही बघा.

एक्सपीडीटीतले काही आकडे तारखा नसतातच. सीए वन (टेपा सांभाळणारं सॉफ्टवेअर) असेल तर ९९००० म्हणजे डेटासेट कॅटलॉगमध्ये (सिस्टिमच्या फाइलींच्या यादीत) आहे तोवर टेप ठेव. जीडीजीला (एकाच फाइलच्या क्रमाने ठेवलेल्या आवृत्त्या, म्हणजे जनरेशन्स) हे मस्त, जुनं जनरेशन लिमिटबाहेर गेलं, कॅटलॉगमधून निघालं की टेप आपोआप मोकळी. ९९३६५ म्हणजे मात्र कायमचं, ते उगाच टाकत बसू नका, टेपा साचत जातात आणि नंतर कोणी हात लावत नाही.

आरएमएम (टेपा सांभाळणारं आयबीएमचं सॉफ्टवेअर) असलेल्या शॉपमध्ये व्हीआरएस पॉलिसी, म्हणजे टेप किती ठेवायची याचे तिथले नियम, तुमच्या तारखेनंतरही टेप धरून ठेवू शकतात, त्यामुळे आधी स्टोरेजवाल्यांना विचारा. आणि टेप चुकून स्क्रॅच, म्हणजे पुन्हा वापरायला मोकळी, झालीच तर लगेच फोन करा, साध्या टेपवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत डेटा असतो.