गौरवलेला चित्रपट का पडला, हे कसे तपासावे

समीक्षकांनी वाखाणलेला चित्रपट तिकीटबारीवर पडला, तर प्रेक्षकांच्या अभिरुचीला बोल लावण्याआधी तो त्यांच्यापर्यंत पोहोचला होता का, हे तपासावे. प्रथम प्रदर्शनाची तारीख पाहावी. समीक्षकांनी वाखाणलेला हॉलिवूडपट 'द शॉशँक रिडेम्प्शन' अमेरिकेत सर्वत्र झळकला तो १४ ऑक्टोबर १९९४ रोजी, नेमका 'पल्प फिक्शन' या गाजलेल्या चित्रपटाच्याच दिवशी. सुमारे अडीच कोटी डॉलर खर्चून केलेल्या 'शॉशँक'ने पहिल्या फेरीत जेमतेम १ कोटी ६० लाख डॉलर मिळवले.

मग नाव आणि जाहिरात पाहावी. 'शॉशँक'चे नाव उच्चारायला अवघड होते, त्यावरून कथेचा अंदाज येत नव्हता, आणि तुरुंगातली गोष्ट म्हटल्यावर अनेकांनी पाठ फिरवली असणार, असे मला वाटते. पुढे सात ऑस्कर नामांकने मिळाली, चित्रपट पुन्हा लागला आणि व्हिडिओ कॅसेटवर घरोघरी पोहोचला. चित्रपट तोच होता, वाट बदलली.

मराठी चित्रपटाच्या बाबतीत खेळांच्या वेळा आवर्जून उतरवून घ्याव्यात, कारण नोकरदार कुटुंबाला सकाळचा खेळ उपयोगाचा नसतो. २०१५ मध्ये राज्य सरकारला मल्टिप्लेक्समधील मराठी चित्रपटांच्या वेळांबाबत हस्तक्षेप करावा लागला, तो याच अडचणीपोटी. दुसऱ्या आठवड्यात किती खेळ उरले, हेही पाहावे: तोंडी प्रशंसा पसरायला दिवस लागतात, आणि तोवर पडदा दुसऱ्याला दिलेला असतो.

शेवटी एकूण गल्ल्यातून कर व चित्रपटगृहाचा वाटा वजा करूनच निर्मितिखर्चाशी तुलना करावी.