जुन्या पिकअपला फ्युएल इंजेक्शन: माझा अनुभव
कार्बोरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा जुना भाग) काढून थ्रॉटल बॉडी इंजेक्शनचं, म्हणजे त्याच जागी बसून कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणारं किट बसवलं. मूळ मेकॅनिकल पंप जेमतेम ५-६ पीएसआय (दाब मोजायचं एकक) दाब द्यायचा, किटला ५८ लागतो. म्हणून टाकीतच इलेक्ट्रिक पंप सोडला, जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी रिटर्न लाइन ओढली आणि इंजेक्शनचा दाब सोसणारे नवे पाइप घातले. इथे काटकसर नकोच, आगीशी गाठ आहे.

गाडी लगेच सुरू झाली, पण काळा धूर आणि पेट्रोलचा भपकारा! दोन दिवस सेटिंग बदलत बसलो. शेवटी गार इंजिन चालू करून एक्झॉस्टच्या जोडाजवळ हात नेला, तर बारीक फुसफुस लागली. फ्लँजवर (जोडाच्या कडेवर) काजळीची रेघही होती. तिथून हवा आत शिरायची, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरला पेट्रोल कमी पडतंय असं वाटायचं आणि ईसीयू, म्हणजे किटचा कॉम्प्युटर, आणखी ओतायचा. जोडातलं गॅस्केट (सील) बदललं, धूर गेला.