फोन रिकव्हरी मोडमध्ये अडकलाय? डेटा वाचवायचा असेल तर या चुका टाळा

फोन रिकव्हरी मोडमध्ये अडकला की पहिला प्रश्न असतो, ‘आता बॅकअप कसा घ्यायचा?’ उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे भलती आशा राहणार नाही. रिकव्हरी मोड म्हणजे फोन बिघडला की दुरुस्तीसाठी उघडणारा वेगळा पडदा. त्या अवस्थेतल्या फोनचा बॅकअप घेता येत नाही. आयफोनचाही नाही आणि अँड्रॉइडचाही नाही. फोनची मुख्य यंत्रणा तिथं सुरूच झालेली नसते. आतले फोटो आणि मेसेज एनक्रिप्ट केलेले, म्हणजे कुलूपबंद असतात, ते तुमचा पिन टाकल्यावरच उघडतात, आणि पिन मागणारा पडदाच समोर येत नाही.

मग हातात उरतात दोन कामं. काहीही न पुसता फोन पुन्हा चालू करायचा, आणि तोवर आपलं काय काय फोनच्या बाहेर आधीच पोचलेलं आहे ते शोधायचं. हुपरीच्या चांदी कारागिराचे पैंजणांच्या डिझाइनचे फोटो असोत, गुऱ्हाळवाल्याने फोनमध्ये लिहून ठेवलेली उधारी असो, नाहीतर विद्यापीठात शिकणाऱ्या पोरीचा अर्धा प्रबंध, सगळ्यांना हे सारखंच लागू आहे. रिकव्हरीत गेलेल्या फोनमधला डेटा बऱ्याचदा अजून शाबूत असतो. पुढच्या अर्ध्या तासात घाईने काहीतरी दाबलं जातं आणि तिथं तो जातो.

कोणता पडदा आहे ते न बघताच बटणं दाबणं

‘फोन अडकला’ म्हणून दुकानात आणलेला प्रत्येक फोन रिकव्हरीत असतोच असं नाही. आयफोनवर केबल आणि कॉम्प्युटरचं चित्र दिसत असेल तर ती रिकव्हरी. अँड्रॉइडवर काळ्या पडद्यावर ओळींची यादी दिसते, ‘रिबूट सिस्टिम नाऊ’पासून ‘पॉवर ऑफ’पर्यंत. आडवा पडलेला रोबो आणि खाली ‘नो कमांड’ दिसलं तर तेही रिकव्हरीचंच दार आहे. बऱ्याच फोनमध्ये तिथं पॉवर दाबून धरायचं आणि वॉल्यूम अप एकदा दाबून सोडायचं, की यादी येते. ‘फास्टबूट’ लिहिलेला पडदा किंवा सॅमसंगचा डाउनलोड मोड हा वेगळा प्रकार. त्यातून बाहेर यायला सहसा पॉवर बटण, सॅमसंगमध्ये पॉवर आणि वॉल्यूम डाउन, दहा-पंधरा सेकंद दाबून धरलं की पुरतं.

काही करण्याआधी दुसऱ्या फोनने त्या पडद्याचा फोटो काढा. पुढे कुणालाही विचारायचं झालं तर ‘काहीतरी इंग्लिशमध्ये आलंय’ यापेक्षा तो फोटो शंभर पटीने कामाचा.

‘रिबूट’ची वरची ओळ सोडून खालची निवडणं

अँड्रॉइडच्या यादीत ‘वाइप डेटा/फॅक्टरी रिसेट’ आणि ‘वाइप कॅश पार्टिशन’ या ओळी सहसा एकाखाली एक असतात. पहिलीने सगळं जातं. दुसरीने फक्त तात्पुरत्या फायली जातात, तुमचे फोटो आणि नंबर जागेवर राहतात. यादीत वर-खाली जायला वॉल्यूमची बटणं आणि निवडायला पॉवर, त्यामुळे एक दाब कमी-जास्त झाला की संपलं. म्हणून निवडल्यावर जो ‘हो की नाही’चा पडदा येतो, त्याच्यावरचं शीर्षक वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. नव्या बऱ्याच फोनमध्ये कॅशची ओळ नसतेच. नसली तर नसली, तिच्याऐवजी दुसरी काही निवडू नका.

क्रम असा ठेवा: आधी ‘रिबूट सिस्टिम नाऊ’. परत तिथंच आला तर ‘पॉवर ऑफ’, चांगला तासभर चार्जिंग, मग पुन्हा सुरू. तरीही नाही, तर कॅश. ‘तुमचा डेटा खराब झालेला असू शकतो’ अशा अर्थाचा पडदा येऊन खाली ‘ट्राय अगेन’ आणि ‘फॅक्टरी डेटा रिसेट’ असे दोनच पर्याय असतील तर ‘ट्राय अगेन’. तो पडदा फोनच तुम्हाला पुसायला सांगतोय असा वाटतो, पण त्याच्या नादाला लागू नका. शाओमीच्या फोनमध्ये यादी आणखी छोटी असते: रिबूट, वाइप डेटा आणि एमआय असिस्टंटला जोडा. तिथं आपल्या कामाची पहिलीच.

बटण चिकटलंय, हे कुणी बघतच नाही

बरेच अँड्रॉइड फोन पॉवर आणि वॉल्यूम अप एकत्र दाबून चालू केले की रिकव्हरीत जातात. आता वॉल्यूमचं बटण आत दबून राहिलं असेल तर? प्रत्येक वेळी फोन चालू होताना त्याला वाटणार, मालकाला रिकव्हरीच पाहिजे. सॉफ्टवेअर ठणठणीत असतं, आणि दुकानातून ऐकू येतं, ‘सॉफ्टवेअर मारायला लागंल बघा, डेटा ऱ्हायचा न्हाई.’

आपल्या कोल्हापूरकडे हे जास्त होणारच. जून ते सप्टेंबर खिशात ओला फोन, कव्हरच्या कडेला चिखल. गुऱ्हाळावर, दूध संकलनाला, फाउंड्रीत काम करणाऱ्यांच्या बटणांत काय काय जाऊन बसतं ते सांगायला नको. कव्हर काढा, बटण हलक्या हाताने वर-खाली करून टक्-टक् आवाज येतो का बघा, कोरड्या मऊ ब्रशने कडा साफ करा. यादी उघडी असताना निवड आपोआप सरकत असेल तर दोष बटणाचाच आहे. बटणाची पट्टी बदलणं हे किरकोळ काम आहे आणि त्यात डेटाला धक्का लागत नाही.

फोन भिजला असेल तर तांदळात पुरू नका. ॲपलने २०२४ साली तसं स्पष्टच सांगितलं, तांदळाचे बारीक कण आत जाऊन आणखी नुकसान करतात. आजऱ्याचा घनसाळ भातालाच राहू द्या. फोन बंद करून, पोर्ट खाली करून, हवेशीर जागी ठेवायचा, आणि पूर्ण वाळेपर्यंत चार्जिंगला लावायचा नाही.

आयफोन: ‘अपडेट’ आणि ‘रिस्टोअर’मध्ये जमीन-अस्मानाचा फरक

आयफोनवाल्यांनी आधी फोर्स रिस्टार्ट करून बघावा. आयफोन ८ आणि त्यानंतरच्या मॉडेलला वॉल्यूम अप दाबून सोडा, वॉल्यूम डाउन दाबून सोडा, मग बाजूचं बटण ॲपलचं चिन्ह येईपर्यंत दाबून धरा. आयफोन ७ ला वॉल्यूम डाउन आणि बाजूचं बटण एकत्र. त्याआधीच्यांना होम आणि पॉवर. पुष्कळदा एवढ्यानेच सुटतो.

नाही सुटला तर कॉम्प्युटर लागणार. मॅकवर फाइंडर, जुन्या मॅकवर आयट्यून्स, विंडोजवर आयट्यून्स किंवा ‘ॲपल डिव्हाइसेस’ ॲप. फोन जोडला की खिडकी उघडते: या आयफोनमध्ये अडचण आहे, अपडेट करा किंवा रिस्टोअर करा. अपडेट निवडलं की यंत्रणा नव्याने बसते आणि डेटा तसाच ठेवायचा प्रयत्न होतो. रिस्टोअर म्हणजे फोन कोरा. लोक फसतात ते शब्दामुळे, ‘रिस्टोअर’ म्हणजे माझं सगळं परत मिळणार असं वाटतं. परत मिळतं, पण आधी घेतलेला बॅकअप असेल तरच.

इथं आणखी एक खोडी आहे. कॉम्प्युटर यंत्रणेची फाइल उतरवायला लागतो, ती कित्येक जीबींची असते, आणि त्याला १५ मिनिटांपेक्षा जास्त लागली तर आयफोन रिकव्हरीच्या पडद्यावरून आपोआप बाहेर पडतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे हमखास होतं. मग लोकांना वाटतं अपडेट फसलं, आणि पुढच्या वेळी चिडून रिस्टोअर दाबतात. तसं काही नसतं. फाइल पूर्ण उतरू द्या, मग फोन पुन्हा त्याच बटणांनी रिकव्हरीत न्या, फक्त या वेळी ॲपलचं चिन्ह दिसलं तरी बटण सोडू नका, केबलचं चित्र येईपर्यंत धरा, आणि परत ‘अपडेट’. गावाकडं नेट रडतंखडतं असेल तर ज्याच्याकडं फायबर आहे अशा मित्राच्या घरी लॅपटॉप घेऊन जा.

अपडेट मध्येच एरर देऊन थांबलं तरी रिस्टोअरकडे वळायची घाई नको. केबल बदला, पोर्ट बदला, हब काढून थेट लॅपटॉपला लावा, दुसरा कॉम्प्युटर वापरून बघा. बाजारात मिळणाऱ्या कितीतरी स्वस्त केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांतून डेटा जातच नाही. स्टोरेज काठोकाठ भरलेलं असताना अपडेट टाकून अडकलेले आयफोन हा तर नेहमीचाच प्रकार.

व्हिडिओ बघून बूटलोडर उघडणं

‘दुसरी रिकव्हरी टाका, तिथून फायली काढा’ असं सांगणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. जुन्या काळी ते चालायचंही. पण कंपनीची नसलेली दुसरी रिकव्हरी टाकायला बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना यंत्रणा सुरू करून देणारा कुलूपबंद प्रोग्रॅम, उघडावा लागतो, आणि बूटलोडर उघडताना फोन स्वतःच सगळा डेटा पुसतो. मुद्दाम तशी सोय केलेली आहे, चोराच्या हाती काही लागू नये म्हणून. त्यातूनही कुणी आत पोचलाच तर अँड्रॉइड १० पासून बाजारात आलेल्या फोनमध्ये फायलींचं एनक्रिप्शन सक्तीचं आहे. आणि कंपनीच्या मूळ रिकव्हरीतून केबल लावून फायली ओढायची परवानगी नसते, तिथं फक्त अपडेट आत ढकलता येतं.

सॅमसंगला कंपनीची यंत्रणा पुन्हा टाकून डेटा राखता येतो, पण त्यात एक मेख आहे. फायलींच्या संचात ‘सीएससी’ आणि ‘होम सीएससी’ अशा दोन असतात. पहिली टाकली की फोन कोरा, दुसरीने डेटा राहतो. दुकानदाराला आधीच विचारा, ‘दादा, होम सीएससी टाकणार ना?’ प्रश्न ऐकून तो गोंधळला तर फोन उचला आणि पुढच्या दुकानात जा. पिक्सेलला गुगलचं पूर्ण अपडेट पॅकेज रिकव्हरीतून देता येतं, त्यानेही डेटा पुसला जात नाही, फक्त ते फोनमधल्यापेक्षा जुनं नको.

‘रिकव्हरी मोडमधूनही फोटो काढून देतो’ म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरला पैसे देऊ नका. एनक्रिप्शनची किल्ली फोनच्या प्रोसेसरशी बांधलेली असते. म्हणूनच ‘मेमरी चिप काढून दुसऱ्या बोर्डावर लावतो’ या बोलीलाही अर्थ नाही. बोर्ड खराब असेल तर तोच बोर्ड, त्याच प्रोसेसरसकट, जिवंत करावा लागतो.

बाहेर काय आहे ते तपासायचा क्रम चुकणं

लॅपटॉपवर व्हॉट्सॲप जोडलेलं असेल तर ते मुख्य फोन बंद असतानाही १४ दिवस चालतं. तेवढ्यात कामाचे फोटो, बिलं, पीडीएफ तिथून उतरवून घ्या. आणि हे झाल्याशिवाय सिम दुसऱ्या फोनमध्ये टाकून तिथं व्हॉट्सॲप सुरू करू नका, कारण नंबर नव्या फोनवर नोंदला गेला की लॅपटॉपची जोडणी तुटते.

मग दुसऱ्या फोनवर व्हॉट्सॲप टाकताना तोच नंबर आणि तेच गुगल खातं असेल तर जुना बॅकअप सापडतो आणि तो परत आणायचा का असं विचारलं जातं. घाईत ‘स्किप’ केलं की चॅट रिकामी दिसते, आणि त्या रिकाम्या चॅटचा नवा बॅकअप जुन्याच्या जागी जाऊन बसतो. स्किप झालंच असेल तर बॅकअप व्हायच्या आत ॲप काढून पुन्हा टाका. वहिनींचा आयफोन रिकामा पडलाय म्हणून त्यात अँड्रॉइडचा गुगलवरचा बॅकअप उतरवू म्हणाल, तर तो तिथं उतरत नाही.

नंबर गुगल कॉन्टॅक्ट्सवर आणि फोटो गुगल फोटोजवर किंवा आयक्लाउडच्या साइटवर बघा. ओटीपी जुन्याच सिमवर येणार, म्हणून ते कुठल्या तरी साध्या फोनमध्ये चालू ठेवा. गुगलचा पासवर्ड आठवत नसेल तर तो याच वेळी सोडवा, कारण फॅक्टरी रिसेटनंतरही फोन तेच खातं मागतो. अँड्रॉइड फोन ५७ दिवस वापरलाच नाही तर गुगलवरचा त्याचा बॅकअप पुसला जातो, तेव्हा फोन कपाटात टाकून ‘दिवाळीनंतर बघू’ नको. मेमरी कार्ड असेल तर फोन बंद करून काढा आणि कार्ड रीडरमध्ये लावा. फोनचीच साठवण म्हणून ते जोडलेलं असेल तर मात्र बाहेर वाचता येणार नाही, आणि कॉम्प्युटर ‘फॉरमॅट करू का’ विचारेल, त्याला नाही म्हणा. यूपीआयच्या पैशांची काळजी नको, ते बँकेत आहेत.

दुकानात नुसतं ‘बघा जरा’ म्हणून फोन देणं

राजारामपुरीत द्या, शाहूपुरीत द्या नाहीतर अधिकृत सर्व्हिस सेंटरला, तिथल्यांचं काम फोन चालू करणं हे असतं. डेटा पुसून तो लवकर चालू होत असेल तर ते पुसणारच, आणि तसं तुमच्याकडून लिहूनही घेतलेलं असतं. जॉबशीटवर स्वतः लिहायला लावा: ‘डेटा हवा आहे, विचारल्याशिवाय रिसेट करू नये.’ पिन कागदावर लिहून देऊ नका. फोन चालू झाला की स्वतः जाऊन टाका.

चालू झाला की लगेच रिस्टार्ट करणं

फोन उघडला तर तो पुन्हा उघडेल याची खात्री नाही. अपडेट, ॲप साफ करणं, रिस्टार्ट, सगळं नंतर. अनलॉक करा, चार्जरला लावा, मग डेटा केबलने लॅपटॉपला जोडून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा. डीसीआयएम (कॅमेऱ्याचे फोटो), डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड हे फोल्डर आधी घ्या. व्हॉट्सॲपचं सामान ‘अँड्रॉइड’मधल्या ‘मीडिया’ फोल्डरात असतं, ते लोक विसरतात. आयफोनचा पूर्ण बॅकअप कॉम्प्युटरवर घ्या आणि ‘एनक्रिप्ट’च्या खुणेवर टिक करा, नाहीतर साठवलेले पासवर्ड आणि हेल्थची माहिती त्यात येत नाही. त्या बॅकअपचा पासवर्ड मात्र घरातल्या वहीत लिहून ठेवा. तो हरवला तर त्या बॅकअपमधून काहीच परत आणता येत नाही.