फ्रेममधील संगीत पुरस्कारांची दुरुस्ती आणि जपणूक

नागपुरात भिंतीवर टांगलेल्या सन्मानपत्राचे किंवा सोनेरी तबकडीचे (पुरस्कार म्हणून दिल्या जाणाऱ्या सोनेरी रेकॉर्डचे) सर्वांत मोठे नुकसान कूलर करतो, असे माझे ठाम मत आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो, कूलर दिवसरात्र सुरू राहतो आणि त्याची दमट हवा फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यात मुरत जाते. ऐन कोरड्या उन्हाळ्यातही काचेआड बुरशी धरते ती यामुळेच. म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी फ्रेम भिंतीवरून उतरवावी आणि ओल कूलरची आहे, पावसाळी गळतीची आहे की भिंतीतल्या नळाची, हे शोधावे.

फ्रेमचे पुढून आणि मागून छायाचित्र घेऊन ती स्वच्छ चादरीवर पालथी ठेवावी. काच तडकलेली असेल, तर पालथी करण्यापूर्वी काचेच्या बाहेरील बाजूवर चिकटपट्ट्या लावाव्यात. मागचे चुके पकडीने एकेक करून काढावेत. पाठीवर पुरस्काराची तारीख, कार्यक्रमाची चिठ्ठी किंवा कोणाचे हस्ताक्षर असल्यास तेवढा भाग जपून ठेवावा, कारण पुढे पुरस्काराची ओळख पटवताना त्याचाच आधार मिळतो.

सर्वाधिक संयम लागतो तो कागद किंवा फोटो काचेला चिकटलेला असताना. ओल्या फोटोवरील जिलेटिनचा थर मऊ होऊन काचेला धरतो आणि वाळल्यावर तिथेच घट्ट बसतो; ओढला की चेहऱ्याचा भाग काचेवर राहतो. असा फोटो काचेसकट ठेवून काचेतूनच स्कॅन करावा आणि पुढचे काम संवर्धन-तज्ज्ञाकडे सोपवावे. फाउंटन पेनची स्वाक्षरी असलेल्या सन्मानपत्राला पाण्याचा थेंबही लागू देऊ नये, कारण ती शाई बहुधा पाण्याने पसरते.

बुरशी आलेला कागद आधी सावलीत, हवेशीर जागी पूर्ण सुकू द्यावा. त्यानंतर मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने ती हलकेच झटकावी. ओली असताना पुसल्यास ती कागदाच्या तंतूंत शिरते. फाटलेल्या कडेला पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ मागील बाजूने लावावी. सेलोटेप आणि फेविकॉल दोन्ही टाळावेत: सेलोटेपचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो, तर फेविकॉल पुढे सहज सुटत नाही. कागदावरचे तपकिरी ठिपके मात्र तसेच राहू द्यावेत.

सोनेरी तबकडीवरचा मुलामा फार पातळ असतो. तिला चिंच, पितांबरी किंवा ब्रासो लावल्यास डागाबरोबर सोनेही जाते. धूळ उडवायचा हवा फुंकणारा रबरी फुगा आणि कोरडा मऊ ब्रश एवढेच पुरे. हाताळताना हातमोजे घालावेत, कारण घामातले क्षार धातूवर बोटांचे ठसे उमटवतात. विनाइलची तबकडी उष्णतेने वाकते, त्यामुळे ती बंद मोटारीत ठेवून दुकानापर्यंत नेऊ नये.

फ्रेमवाल्याकडून जुना माउंट (काचेआड कागदाभोवती बसवलेली पुठ्ठ्याची चौकट) बदलून आम्लमुक्त माउंट बसवून घ्यावा. साध्या पुठ्ठ्यातील आम्लानेच कागदाच्या कडा तपकिरी पडतात. काच आणि कागद यांत फट राहील इतका माउंट जाड असावा, आणि अतिनील किरण रोखणारी काच मिळाल्यास तीच वापरावी. मागील चारही कोपऱ्यांना रबरी बटणे लावली की भिंत आणि फ्रेम यांमधून हवा खेळते. टांगण्यासाठी ऊन, कूलरचा झोत आणि स्वयंपाकघराची वाफ टाळणारी आतली भिंत निवडावी. दरवर्षी पावसाळा सरल्यावर एकदा फ्रेम उतरवून पाठीवर कसर किंवा वाळवीची माती दिसते का, ते पाहावे.