कांद्याच्या मुळात पेशीविभाजन दिसत नाही? या चुका टाळा

अकरावीच्या प्रात्यक्षिकांचे दिवस आले की सातारा-सांगलीकडच्या प्रयोगशाळांत बरण्यांच्या तोंडावर कांदे बसतात. लोणंदचा बाजार जवळ, त्यामुळे कांद्याला तोटा नाही. तरीही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावल्यावर निम्म्या मुलांचं म्हणणं एकच असतं: “सर, नुसते चौकोन दिसतायत.” पुस्तकातल्या पेशीविभाजनाच्या चार अवस्थांच्या (पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था) चार आकृत्या त्यांना तोंडपाठ असतात. पण त्या चार आकृत्यांमधून एकच गुणसूत्र कसं पुढे सरकतं, हे त्यांनी पाहिलेलं नसतं. स्लाइडवरच्या आणि उत्तरपत्रिकेतल्या बहुतेक चुकांचं मूळ मला इथेच दिसतं.

आधी स्लाइडचं बघू

नुकताच काढलेला कांदा सुप्तावस्थेत असतो, त्याला मुळं फुटायला वेळ लागतो. म्हणून साठवणीतला, घट्ट आणि छोटा कांदा घ्या. जुनी वाळकी मुळं ब्लेडने अलगद खरवडा, मात्र तळाची चकती कापू नका, कारण नवी मुळं तिथूनच येतात. फक्त बूड पाण्याला टेकलं पाहिजे. अर्धा कांदा बुडवलात तर मुळांआधी वास सुटेल. पाणी रोज बदला. कांदा दाद देत नसेल तर लसणाची पाकळी लावा. तिच्याही पेशीत कांद्यासारखीच १६ गुणसूत्रं असतात.

मुळं एक-दोन सेंटिमीटर झाली की सकाळी कापा आणि लगेच स्थिरीकरणाच्या द्रावणात टाका: तीन भाग अल्कोहोल, एक भाग ग्लेशियल ॲसेटिक आम्ल, आणि तेही ताजं बनवलेलं. पेशी ज्या अवस्थेत आहे त्या अवस्थेतच तिला थांबवायचं, हे या द्रावणाचं काम. तास संपला म्हणून कापलेली मुळं पाण्यातच ठेवून जाणं ही नेहमीची चूक. द्रावणात एक दिवस झाला की मुळं ७० टक्के अल्कोहोलमध्ये काढून ठेवता येतात.

यानंतरच्या चुकीने सगळ्यात जास्त स्लाइड वाया जातात: मुळाचं टोक सोडून भलतंच टोक घेणं. विभाजन होतं ते मुळाच्या अगदी शेंड्याजवळ, मूलटोपीच्या लगेच मागे असलेल्या विभाजी ऊतीत. थोडं वर सरकलं की पेशी नुसत्या लांबत असतात. काचेवर ठेवलेला तुकडा नीट न्याहाळा. ब्लेडने कापलेली बाजू सपाट असते, तर खरं टोक निमुळतं आणि जरा दाट पांढरं दिसतं. ॲसेटोकार्मिन घातल्यावर तर शंकाच राहत नाही, कारण टोक गडद लाल होतं आणि बाकीचं मूळ फिकट राहतं. तो दोन मिलिमीटरचा गडद शेंडा ठेवा, उरलेलं काढून टाका. “थोडं जास्त घेतलं तर बरं” असा विचार केलात तर लांबट रिकाम्या पेशींच्या गर्दीत हव्या त्या पेशी हरवतील.

आम्लाची पायरी घाईत गाळू नका. १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात, साधारण ६० अंश सेल्सिअसला, पाच ते दहा मिनिटं ठेवल्यावर पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारा थर सैल होतो. ते झालं नाही तर पेशींचे थरावर थर दिसतात आणि एकही गुणसूत्र सुटं ओळखू येत नाही. हे काम शिक्षक समोर असतानाच करा. आम्लातून काढलेलं मूळ पाण्याने धुऊन मगच रंगवा.

दाबताना वर टिपकागद ठेवून अंगठा सरळ खाली. आच्छादक काच सरकली की पेशी गुंडाळल्या जातात. आधी कमी क्षमतेच्या भिंगाखाली लहान चौकोनी पेशींचा, मोठ्या गडद केंद्रकांचा भाग शोधा आणि मगच ४० एक्सवर जा.

एवढं सगळं नीट झालं तरी बहुतेक पेशींत गोल केंद्रकच दिसेल. म्हणजे स्लाइड बिघडली असं नाही. पेशीचा बहुतेक वेळ आंतरावस्थेत, म्हणजे इंटरफेजमध्येच जातो. माणसाच्या वेगाने वाढणाऱ्या पेशीचं चक्र सुमारे २४ तासांचं धरलं, तर प्रत्यक्ष विभाजन जेमतेम तासाभराचं. आंतरावस्थेला ‘विश्रांती’ म्हणणं मला अजिबात पटत नाही. पेशी वाढते, प्रथिनं बनवते आणि सगळा डीएनए दुप्पट करते तो याच काळात. “पूर्वावस्थेत डीएनए दुप्पट होतो” असं लिहिलेलं उत्तर म्हणूनच चुकीचं.

मोजणीतला घोळ

डीएनए दुप्पट झाला, मग गुणसूत्रंही दुप्पट झाली का? नाही. गुणसूत्रबिंदू, म्हणजे गुणसूत्राचे दोन धागे जिथे जोडलेले असतात ती जागा, मोजा. जितके गुणसूत्रबिंदू, तितकी गुणसूत्रं. एवढा नियम धरला की घोळ संपतो. कांद्याच्या पेशीत मध्यावस्थेला १६ गुणसूत्रं असतात आणि प्रत्येकाची दोन अर्धगुणसूत्रं, म्हणजे ३२ धागे. पश्चावस्थेत गुणसूत्रबिंदू दुभंगले की त्याच पेशीत, तेवढ्या वेळापुरती, ३२ गुणसूत्रं होतात. मग दोन्ही जन्य पेशींना १६-१६. माणसाच्या पेशीत हाच हिशोब ४६, ९२ आणि पुन्हा ४६ असा.

गुणसूत्र उभं दुभंगतं, हेही चित्रात दिसलं पाहिजे. वाल्थर फ्लेमिंग यांनी सॅलॅमँडरच्या पेशींत हेच पाहिलं आणि १८८२ मध्ये या विभाजनाला ‘मायटोसिस’ (मराठीत सूत्री विभाजन) हे नाव दिलं. ‘एक्स’ आकाराचा वरचा अर्धा भाग एका ध्रुवाकडे आणि खालचा दुसऱ्याकडे नेणारी आकृती आजही वह्यांत सापडते. ती साफ चूक आहे.

दुसरा गैरसमज म्हणजे सूत्री विभाजनात समजात, म्हणजे आकाराने आणि जनुकक्रमाने सारख्या, गुणसूत्रांच्या जोड्या लागतात. जोड्या लागतात त्या अर्धगुणसूत्री विभाजनात (मायोसिस), म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या विभाजनात. सूत्री विभाजनात प्रत्येक गुणसूत्र मध्यावर स्वतंत्रपणे येतं. याचा सुरेख पुरावा सांगली भागातल्या शेतात आहे: हळद. हळदीच्या पेशीत ६३ गुणसूत्रं असतात, २१ चे तीन संच. तीन संचांच्या जोड्या नीट लागत नाहीत, त्यामुळे अर्धगुणसूत्री विभाजन अडतं आणि बी क्वचितच धरतं. म्हणून शेतकरी जेठे गड्डे किंवा बगल गड्डे बेण्याला ठेवतात. पण त्याच ६३ गुणसूत्रांचं सूत्री विभाजन बिनतक्रार चालतं, पश्चावस्थेत १२६, मग दोन्हीकडे ६३. गड्ड्यातून फुटणारा प्रत्येक कोंब त्यावरच उभा राहतो. जोडी हवीच असती तर हळदीला कोंबही फुटला नसता.

आकृतीत जाणारे गुण

कांदा, हळद, ऊस अशा सपुष्प वनस्पतींच्या पेशीत तारककेंद्र (सेंट्रिओल) नसतं. प्राणीपेशीची आकृती पाठ करून तीच चौकटीत बसवली की ध्रुवांवर तारककेंद्रं आपोआप उमटतात. काही मुलं मग उलट्या टोकाला जातात आणि वनस्पतीपेशीत गुणसूत्रांना ध्रुवांकडे ओढणारे तुर्कतंतूच नसतात असं लिहितात. तुर्कतंतू असतात, तारककेंद्राविनाही ते तयार होतात.

पश्चावस्थेत ओढ गुणसूत्रबिंदूला असते. तो पुढे आणि भुजा मागे, त्यामुळे ‘व्ही’चं टोक ध्रुवाकडे हवं. तपासणाऱ्याची नजर आधी इथेच जाते.

शेवटी पेशीद्रव्याची वाटणी. प्राणीपेशीत बटव्याची नाडी ओढावी तशी बाहेरून आत खाच पडत जाते. वनस्पतीपेशीला ताठ भित्तिका असते, ती अशी आवळली जात नाही. तिथे गॉल्जी पिंडाकडून आलेल्या पिटिका (लहान पिशव्या) मध्यभागी जमून पेशीपट्ट, म्हणजे नव्या भित्तिकेची सुरुवात, तयार होतो आणि तो आतून बाहेर, कडेकडे वाढत जातो. दोन्हींची दिशा बाणाने दाखवा. वनस्पतीपेशीला खाच काढली असेल तर बाकी आकृती कितीही रेखीव असो, उपयोग नाही.

विभाजनांक, म्हणजे शंभर पेशींमागे किती पेशी विभाजित होत आहेत तो आकडा, काढायचा असेल तर फक्त चांगली दिसणारी जागा मोजू नका. स्लाइडवरच्या वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या सगळ्या पेशी मोजा, विभाजन चालू असलेल्या पेशींना एकूण पेशींनी भागा आणि १०० ने गुणा. पूर्वावस्थेतल्या पेशी सगळ्यात जास्त भरल्या तर बिचकू नका. ती अवस्था लांब चालते. आकडे जसे आले तसेच वहीत उतरवा, शेजारच्या बाकावरचे नकोत.